यंदा वावरच वाहून गेलं, मग येळवस कशाची?

मांजराकाठचा
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत असतो, आज लिहायला बसलोय कारण घरात यावरून आठवडाभर धुसफूस चालू आहे. आमचं रान कळंब तालुक्यात मांजराच्या काठाला. सप्टेंबर २०२५ मधे पुरानं काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. सोयाबीन तर गेलंच, त्याचं एवढं नाही वाटत, पीक जातं-येतं. पण नदीकडच्या पट्ट्यातली काळी मातीच गेली ओ. खाली पिवळा मुरूम आणि गोटे उघडे पडलेत, जिथं पावसाळ्यात पाय घोट्याएवढा रुतायचा तिथं आता चप्पल घालून चाललं तरी खडे टोचतात. विहीर गाळानं भरलीय, मोटर आत.

आता वेळ अमावस्या तोंडावर आली. दादांचं (वडलांचं) म्हणणं, येळवस दरवर्षीसारखीच करायची, कोपही त्याच पट्ट्यात उभा करायचा. मी म्हणलं दादा, काळ्या आईची पूजा करतो आपण, ती तर पार कर्नाटकात गेली वाहून, आता पूजा कुणाची? तर म्हणाले, "गेल्या साली पोतं भरून पिकलं तवा इचारला व्हतास का, कुणाची म्हणून?" आणि उठून गेले.

देव आहे का नाही यावर इथं ढीगभर धागे आहेत, तो वाद नकोय. माझं एवढंच विचारणं आहे की ज्यानं दिलं म्हणून हात जोडायचे त्यानंच नेलं असेल, तर हात जोडणारा माणूस नक्की काय करत असतो? श्रद्धा आहे, सवय आहे, का भीती? आणि पुराचा फटका बसलेले तुम्ही लोक यंदा काय करणार आहात?

गोदाकाठ_नांदेड
प्रश्न भारी आहे पण आधी एक शंका. येळवस म्हणजे काय? आमच्याकडे नसते.

निलंगेकरीण
अरेरे, नांदेडकरांचं अर्धं आयुष्य वाया!! मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे सगळं गाव रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांचा कोप करतात, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडतात, लक्ष्मी मांडतात. भज्जी, आंबील, खिचडा, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या. आंबिलाची बिंदगी डोक्यावर घेऊन घोंगडं पांघरून गडी रानात येतो. पिकावर आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" म्हणत फेरी मारतात. लातूर जिल्ह्यात कलेक्टर सुट्टी देतात त्या दिवशी. लातूर शहरात कर्फ्यू लागल्यासारखं वाटतं, चहाची टपरी उघडी सापडत नाही.

गोदाकाठ_नांदेड
भज्जी म्हणजे भजी का?

निलंगेकरीण
नाही हो!!! वाटाणा, तूर, वाल, ओला हरभरा, हिरव्या शेंगांचे जेवढे दाणे मिळतील तेवढे, मेथी-पालक-चाकवत, चिंचेचा कोळ आणि बेसन. घट्टसर. रेसिपी वेगळ्या धाग्यात देते, इथं नको, विषय गंभीर आहे.

तर्कटराव
विषय गंभीर आहे म्हणून आधी जेवण काढलं, हे आवडलं.

मांजराकाठचा, आता तुमचा प्रश्न. दुष्काळ पडला की देवानं परीक्षा घेतली. पूर आला की देवाची लीला. त्यातून एकजण पत्र्यावर बसून वाचला की देवाची कृपा. म्हणजे काहीही झालं तरी पगार चालू! असा माणूस झेडपीत नोकरीला असता तर आपणच उपोषणाला बसलो असतो. पूर का आला? मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा हिस्सा थोड्या दिवसांत कोसळला. एका महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, यंदा काही मंडळांनी तो आकडा पुन्हापुन्हा ओलांडला. वर ओढे बुजवलेत, नाल्यात प्लॉट पाडलेत, धरणं आधीच भरलेली. यात देव आणायची गरज कुठं पडली?

मांजराकाठचा
तर्कटराव, हे सगळं मान्य आहे, मी सिव्हिल इंजिनियर आहे, विसर्ग म्हणजे काय मला कळतं. पण दादांना हे सगळं सांगून झालं की ते म्हणतात "बरं, मग कोपाला कडबा कुठून आणायचा?" त्यांच्यावर परिणाम शून्य.

मुक्काम_पोस्ट_हिंजवडी
२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. यंदा मिरजेला परत पाठवायला हवं होतं, उधारी फिटली असती.

गोदाकाठ_नांदेड
😂😂 देवाची डिलिव्हरी, नऊ वर्षं लेट.

औशाची_लेक
हसा हसा. एप्रिल २०१६ मधे ती जलदूत गाडी आली तेव्हा मी लातूरलाच होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहराच्या मानानं काहीच नाही पण बायका वाघिणींना हळदीकुंकू लावत होत्या आणि लोक त्यांची चेष्टा करत होते. मला नाही हसू आलं. घरी टँकरच्या रांगेत घागरीमागं भांडणं बघितली असली की वाघिणीला सुद्धा कुंकू लावावं वाटतं.

आता यंदाचं सांगते. २२ सप्टेंबरला घटस्थापना, आणि त्याच दिवसांत आभाळ फाटलेलं. घटाला आपल्याच रानातली काळी माती लागते, पत्रावळीवर माती, त्यात सात धान्यं पेरायची, वर घट. सासूबाई म्हणाल्या जा रानातून टोपलंभर घेऊन ये. रान कुठं होतं? वेशीपासून पुढं नुसतं तांबडं पाणी, त्यात कुणाचा तरी सोयाबीनचा गंज तरंगत चाललेला. शेवटी परसातल्या तुळशीची माती खरवडून घट बसवला. दाट उगवला, हे विशेष. सासूबाई म्हणाल्या देवीनं मान्य केलं. मी म्हणलं आई, तुळशीला रोज पाणी-खत घालते मी, देवीला क्रेडिट तुम्ही देता.

तर्कटराव
औशाची_लेक, तुमच्यासाठी मानाचा मुजरा.

बुवा_परभणीकर
सगळ्यांचं वाचलं. तर्कटरावांचं म्हणणं नवीन नाही, तुकोबांच्या काळातही तर्कटराव होतेच. १६३० च्या आसपासचा तो दुष्काळ. तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, दिवाळं निघालं. असा माणूस म्हणतो, "बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली". हे कुणी पोट भरलेल्या माणसानं एसीत बसून लिहिलेलं नाही. संकटातून देवाकडं वळलो हा त्याचा हिशोब आहे. ज्यानं सगळं गमावलं तोच असं म्हणू शकतो. दादांना प्रश्न विचारू नका, त्यांच्याबरोबर रानात जाऊन बसा.

जुनं_पान
बुवा, अभंग खरा आहे पण त्याच्या मागचं-पुढचंही सांगा ना. परंपरा सांगते की त्याच दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. घराणं सावकारीचं, लोकांकडून येणं होतं, ते सोडून दिलं. म्हणजे "बरं झालं देवा" म्हणायच्या आधी त्यांनी स्वतःपुरती कर्जमाफी करून टाकली! आजकाल "बरं झालं" तेवढं भाषणात ऐकू येतं, कर्जखतांचं नाव कुणी काढत नाही.

दुसरं असं की ते स्वतःबद्दल बोलत होते. स्वतःच्या दिवाळ्याला बरं म्हणणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या घरात जाऊन "तुझं वाहून गेलं त्यात देवाचं काहीतरी भलंच असेल" म्हणणं वेगळं. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला मी तरी चहा विचारत नाही.

बुवा_परभणीकर
जुनं_पान, रास्त बोललात. कर्जखतांचं मी कीर्तनात सांगतो बरं का. तिथं पुढच्या रांगेत बसलेले दोघं-तिघं त्यावेळी हमखास पाणी प्यायला उठतात.

जुनं_पान
हा वाद आपल्याकडे एकदा फार मोठ्या माणसांत झालाय. १५ जानेवारी १९३४ ला बिहारला भूकंप झाला, हजारो लोक गेले. गांधीजी म्हणाले की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. टागोरांना ते अजिबात पटलं नाही. अस्पृश्यतेच्या विरोधात तेही होतेच, पण त्यांचं म्हणणं असं की निसर्गातल्या उत्पाताला पाप-पुण्य चिकटवलं की लोकांची विचार करायची ताकद जाते, आणि उद्या हाच न्याय उलट बाजूचे लोकही लावतील. गांधीजींनी ते पत्र 'हरिजन'मधे छापलं आणि तिथंच उत्तर दिलं. मत बदललं नाही. पण आपल्याला खोडणारं पत्र आपल्याच पेपरात छापायची हिंमत बघा, इथं लोक एका कॉमेंटवरून ब्लॉक करतात.

तर्कटराव
टागोरांचंच बरोबर होतं. आणि भूकंप काय जात बघून आला होता का? सगळेच मेले.

किल्लारी९३
तर्कटराव, सगळेच सारखे मरत नाहीत. मी लिहिणार नव्हतो पण आता लिहितो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. मी सहावीत होतो, औसा तालुका. घरं कशी होती माहितीये का, दोन-दोन तीन-तीन फूट जाडीच्या गोट्यांच्या भिंती, मधे चिखल, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचं माळवद, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दरवर्षी वर आणखी माती टाकत गेलेले. जेवढा वाडा मोठा तेवढी जास्त माती डोक्यावर. आमचं घर त्यातलंच. आजी, चुलते आणि धाकटी बहीण त्याच मातीखाली गेली. आणि गावकुसाबाहेर ज्यांची कुडाची, पालापाचोळ्याची खोपटं होती ती हलली आणि तशीच उभी राहिली, आतली माणसं उठून बाहेर आली, आणि पहाटे आम्हाला उकरून काढायला पहिली तीच आली.

दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास १० हजार माणसं गेली. नंतर शेडमधे ऐकायला मिळायचं, देवानं गरिबाला राखलं. कुणी म्हणायचं अमक्या गावात पाप झालतं. कॉलेजात गेल्यावर कळलं की सहाच्या वर रिश्टरचा भूकंप मातीत रचलेल्या दगडी भिंतीला पुरेसा असतो, देवाला मधे पडायची गरज नाही. पण हेही सांगतो की ते कळल्यानं मला रात्री झोप लागायला लागली असं काही झालं नाही.

आता येळवसचं. त्या वर्षीची अमावस्या आली तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमधे राहत होतो. आजोबा म्हणाले जायचं रानात. त्यांनी स्वतः पूजा केली नाही, चुलतीला करायला लावली आणि आपण बांधावर पाठ करून बसले. हात जोडले नाहीत. पण जेवणाच्या वेळी उठले आणि दरवर्षीसारखे रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायला लागले, ओ पाव्हणं, या जेवायला. मिलिटरीचे दोन जवान चालले होते, त्यांना ओढून आणलं. त्यातल्या एकाला आंबील इतकं आंबट लागलं की त्याचं तोंड बघून चुलती हसली. भूकंपानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. आजोबांनी पुढंही कितीतरी वर्षं देवाला हात जोडले नाहीत, येळवस मात्र एक चुकवली नाही.

निलंगेकरीण
🙏 काय लिहावं कळत नाही दादा.

उदगीरचा_फकीर
किल्लारीभाई, वाचून थांबलो होतो, आता लिहितो. आमच्याकडे दोन गोष्टी शिकवतात, सब्र म्हणजे धीर आणि शुक्र म्हणजे आभार. संकटात सब्र, सुखात शुक्र. पण अब्बा म्हणायचे की संकटात शुक्र करणाराच खरा, सुखात तर मांजर पण गुरगुरतं.

२०१५-१६ च्या दुष्काळात ईदगाहवर पावसासाठीची नमाज झाली, त्यात चादर उलटी करून पांघरतात, म्हणजे देवा आमची हालत अशीच उलटून टाक. आणि जास्त पाऊस झाला तर त्याचीही दुआ आहे हे कितीजणांना माहितीये? पैगंबरांच्या वेळी लोक आधी पाऊस नाही म्हणून आले आणि आठवड्यानं घरं पडायला लागली म्हणून परत आले, तेव्हा त्यांनी मागितलं की या अल्ला, आमच्या आजूबाजूला पाड, आमच्यावर नको. सप्टेंबरात आमच्या मशिदीत रोज हीच दुआ. आमचा भाचा म्हणाला मामू, आजूबाजूला म्हणजे अहमदपूरला का? त्यांनी काय बिघडवलंय?

आणि येळवसचं म्हणाल तर मी लहानपणापासून मित्राच्या रानात जातो, ईदचा शीरखुर्मा त्याच्याकडे आणि येळवसची भज्जी माझ्याकडे, हा करार पक्का आहे.

गोदाकाठ_नांदेड
अहमदपूरकरांनी निषेध नोंदवावा.

गावकुसाबाहेरचा
फार छान चाललंय, काळी आई, करार, आंबील. माझं थोडं वेगळं ऐका.

आभार मानायला आधी वावर लागतं. आमच्याकडे गुंठा नाही. वडील बटईनं करायचे, मी लातूरला शिकवणी क्लासमधे नोकरी करतो. पुरात ओढ्याचं पाणी आमच्या वस्तीत शिरलं, दोन क्विंटल ज्वारी भिजून कोंब फुटले, शेळी गेली. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार जाहीर झाले, वर रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं. चांगली गोष्ट आहे, मिळालेच पाहिजेत. पण पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला. ज्यानं बटईनं पेरलं, बी-खताचा निम्मा खर्च केला, त्याच्या नावानं काय? मालक चांगला असला तर देतो थोडे. नसला तर काय, देवाचे आभार.

आणि येळवस. माझी आजी आयुष्यभर मालकाच्या रानात खुरपायला गेली. येळवसला तिला जेवायला बोलवायचे, हो, बोलवायचे. पण कोपापासून लांब, बांधाच्या पलीकडं पंगत, आंबील वरून ओतायचे. तिनं कधी तक्रार केली नाही, उलट मालकाचं रान पिकू दे म्हणायची. ती कृतज्ञता होती का दुसरं काही हे मला आजही ठरवता येत नाही. आमच्या घरात आता देव नाही, बुद्ध आहे. आभार मानायचे तर मी त्या पोरांचे मानीन ज्यांनी पुरात ट्यूब बांधून आमच्या म्हातारीला बाहेर काढलं.

बुवा_परभणीकर
दादा, झालं ते वाईटच. पण आता तसं राहिलेलं नाही, बदललंय बरंच.

गावकुसाबाहेरचा
बदललंय ना. आता बोलावतच नाहीत, हार्वेस्टर आलाय.

तर्कटराव
...

जुनं_पान
गावकुसाबाहेरचा, तुमच्या मुद्द्यावरून दामाजीपंतांची गोष्ट आठवली. मंगळवेढ्याला दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं, जीव धोक्यात घालून. आणि मग देव आला तो कुणाच्या रूपात, तर विठू महाराच्या. बीदरला जाऊन धान्याचे पैसे भरले, रीतसर पावती घेतली आणि निघून गेला. देवाची कृपा कशी असते यावर मराठी माणसानं सांगितलेली ही सगळ्यात नेमकी गोष्ट मला वाटते. आधी एका अधिकाऱ्यानं कुलूप काढलं, मग देव आला. कुलूप बंद ठेवून नुसती वाट बघितली असती तर कोण येणार होतं?

मुक्काम_पोस्ट_हिंजवडी
देवालासुद्धा पावती घ्यावी लागली, आपलं काय घेऊन बसलात. आमच्या आईचं अनुदान तीन वेळा ई-केवायसी करूनही अडकलंय, बोटाचे ठसेच उमटत नाहीत. खुरपून खुरपून गेलेत. विठू महाराजांना मशीन वापरायला लावलं असतं तर दामाजीपंत काही सुटत नव्हते.

पैठणची_सून
आमच्याकडं नाथसागरातून सप्टेंबरअखेर ३ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं, सखल भागातल्या लोकांना हलवलं. नाथांच्या गावात पाणी म्हणजे रोजचं, पण यंदा घाबरलो. याच धरणात २०१६ ला मृतसाठ्याच्याही खाली गेलेलं पाणी बघितलंय, तळाला भेगा. आमच्या सासऱ्यांनी तेव्हाही गोदावरीची ओटी भरली आणि यंदाही भरली. मी विचारलं मामंजी, आता तर घरात शिरायला निघालीय, ओटी कशाला? म्हणाले, "ती रागावलेली असली म्हणून आपण बोलणं टाकायचं का?" बस, एवढंच. ते काही मोठे भक्त वगैरे नाहीत, तंबाखू खातात आणि एकादशीला अंडं खाल्लेलं पण मी बघितलंय.

औशाची_लेक
एक मुद्दा राहिलाय. दादा म्हणतात येळवस करायची, आजोबा म्हणाले जायचं रानात, मामंजींनी ओटी भरली. आदल्या रात्री बारापासून शेंगा सोलत, उंडे थापत कोण बसतं? पूर असो दुष्काळ असो, कृतज्ञता पुरुषांची आणि भांडी आमची. मांजराकाठचा, आईला विचारलंत का तिला यंदा काय वाटतं?

मांजराकाठचा
नाही विचारलं. विचारतो.

ॲडमिन
अनुदानाच्या विषयावरून खाली पक्षांची नावं घेऊन आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

तर्कटराव
ॲडमिनच्या कृपेबद्दल आभार. बरं, किल्लारी९३, एक विचारू का? राग मानू नका. तुमचे आजोबा देवाला हात जोडत नव्हते तर येळवस कुणासाठी करत होते? मूळ प्रश्न तोच आहे ना. सवय, श्रद्धा का भीती.

किल्लारी९३
राग कशाचा. मी त्यांना एकदा विचारलं होतं, खूप नंतर, नव्या गावात राहायला गेल्यावर. तुम्हाला माहितीच असेल, ५२ गावं पार नव्या जागी हलवली, रुंद रस्ते, चौकोनी घरं, आणि रान लांब पडलं. आजोबांना तिथून चालत जायला दम लागायचा तरी जायचे. त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, "तुझी आजी मेली म्हणून तिच्या माहेरी जायचं सोडलं का मी?" आता यातून तुम्हाला काय घ्यायचं ते घ्या, मला तिन्हीपैकी एका डब्यात टाकता येत नाही. भीती मात्र नव्हती, एवढं छातीठोक सांगतो. त्या पहाटेनंतर त्यांना कशाचीच भीती उरली नव्हती.

आणि अजून एक. नवीन घर बांधताना त्यांनी इंजिनियरला गज मोजून दाखवायला लावले होते. देवावर सोडलं नाही.

कृषीपदवीधर
भावनेच्या धाग्यात रुक्ष बोलतो, माफ करा. मांजराकाठचा, काळी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, ती तुमच्या हयातीत आपोआप येणार नाही. पण रान मेलं असंही समजू नका. तलावातला गाळ आणून टाकता येतो, गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेत. मात्र नदीनं तुमच्या रानात आणून टाकलेला गाळ आणि तलावातला गाळ एक नसतो, नदीचा पुष्कळदा नुसती वाळू असते. आधी दोन्हीचे नमुने माती परीक्षणाला द्या. उघड्या मुरमावर लगेच महागडं बियाणं घालू नका. पुढच्या पावसाळ्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलावर आला की गाडा, शेणखत जमेल तेवढं. बांध आधी घाला, नाहीतर टाकलेला गाळ पण जूनमधे तिकडंच जाईल जिकडं काळी आई गेली.

निलंगेकरीण
बघा, हीच खरी पूजा.

बुवा_परभणीकर
ताई, पूजा पूजा आहे आणि बांध बांध आहे. दोन्ही करायचं. "हीच खरी पूजा" म्हणलं की लोक बांध पण घालत नाहीत आणि पूजा पण सोडतात.

तर्कटराव
बुवांशी सहमत व्हायची वेळ आली, कलियुग.

मांजराकाठचा
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दादांना वाचून पण दाखवले. किल्लारीच्या आजोबांचं ऐकून ते काहीच बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले. तर्कटरावांचं झेडपीचं वाचलं तेव्हा मात्र खदखदून हसले, म्हणाले ह्या माणसाला जेवायला बोलव.

आईला विचारलं. ती म्हणाली येळवस करायची, पण यंदा शेंगा विकतच्या, त्यामुळं भज्जी घट्ट होणार नाही, कुणी नावं ठेवायची नाहीत. आणि पोळ्या तुम्ही लाटायच्या. देवाबद्दल विचारलं तर म्हणाली, "मला रोज त्याच्याशी भांडायचं असतं, तो नसला तर भांडू कुणाशी, तुझ्या बापाशी? ते तर ऐकतच नाहीत."

माझं स्वतःचं म्हणाल तर मला अजून आतून आभार बिभार काही वाटत नाहीयेत. राग आहे. पण जाणार आहे. कोप वरच्या रानात करू म्हणलं होतं, दादांनी ऐकलं नाही, त्या मुरमातच होणार, मेढी रोवायला पहार घ्यावी लागेल.

गावकुसाबाहेरचा, तुम्ही लातूरलाच असता ना. आमचं गाव काही लांब नाही. या म्हणणं सोपं आहे आणि तुम्ही लिहिलंय ते वाचल्यावर म्हणायला तोंड पण होत नाही, तरी म्हणतो.

गावकुसाबाहेरचा
क्लासला सुट्टीच आहे त्या दिवशी. येतो. पण कोपात बसणार, आणि पाया पडणार नाही.

मांजराकाठचा
कोपात जागा कमी असते, दादा आडवे होतात जेवल्यावर. पण बसू. पाया पडायला मी पण पडेन का नाही माहीत नाही.

तर्कटराव
नास्तिकांची पंगत वेगळी आहे का त्यांना पण कोपात घेता? लोकेशन टाका व्यनि (व्यक्तिगत निरोप) मधे.

मांजराकाठचा
टाकलं. कृषीपदवीधर, गाळाचं अजून एक विचारायचं होतं. तलाव आमच्यापासून लांब आहे, ट्रॅक्टरचं भाडंच अंगावर येईल. तोवर या पट्ट्यात रब्बीचं काहीच नाही का होणार? दादा करडई म्हणतायत.

कृषीपदवीधर
पेरणीची वेळ निघून गेलीय, डिसेंबरात करडई म्हणजे उशीरच, त्यात मुरमात ओल धरणार नाही. ज्या कोपऱ्यात हातभर माती राहिलीय तिथं फार तर जनावरांपुरता चारा करा, बाकी यंदा पडीक ठेवा. विहिरीतला गाळ काढाल तो फेकू नका, तोही नमुना पाठवा. आणि येळवसला मी पण येऊ का? माझं गाव बीड जिल्ह्यात आहे, आमच्या भागात नसते.